वर्षाखेरीच्या फळ्यावर कुणाची नावं लिहू, आणि नावापुढं काय?

खडूवाला, शिवाजी पेठ
१४ डिसेंबर २०२५, रात्री १०:४०

मंडळी, एक सल्ला पाहिजे.

आमच्या तालमीच्या भिंतीला एक काळा फळा आहे, सहा बाय चार. गेली सव्वीस वर्षं त्याच्यावर खडूनं मीच लिहितो. पाणी उद्या येणार नाही, रक्षाविसर्जन सकाळी नऊला, अमक्याचा नातू पोलीस भरतीत पास, अभिनंदन. पोटापाण्याचा धंदा बाइंडिंगचा, त्यामुळं एका बोटाला खळ आणि दुसऱ्याला खडू कायमचा.

कलाकार गेला की त्याचंही लिहितो. हे मी सुरू केलेलं नाही. माझ्या आधी लिहायचे ते पेंटर होते, थेटरची बॅनरं रंगवायचे. हिरॉइनीचा नुसता डोळा चार फुटांचा काढणारा माणूस, त्याला आमचा फळा म्हणजे पाटीच. त्यांनी मला एवढंच शिकवलं: नाव मोठं, बाकीचं त्याच्या निम्म्यानं, आणि ‘ज्येष्ठ’ हा शब्द लिहू नको, फुकट जागा खातो.

औंदा ऑगस्टनं हात मोडला माझा. १६ तारखेला, दहीहंडीच्या दिवशी, ज्योती चांदेकर गेल्या. १८ला अच्युत पोतदार. गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी, २८ला, बाळ कर्वे. ३१ला गौरी आल्या आणि त्याच दिवशी प्रिया मराठे गेली, अडतीस वर्षांची पोर. सोळा दिवसांत चार वेळा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मला कडेनं फुलाची वेल काढायची सवय आहे. चौथ्या वेळी काढली नाही.

आता गंमत सांगतो. पोतदारांच्या वेळी मी पेंटरांचं न ऐकता लिहिलं, ‘ज्येष्ठ अभिनेते अच्युत पोतदार’. सकाळी दूधवाला सायकल टेकवून बघत राहिला. म्हणाला, “आवं, हे कोण?” माझं मलाच कसंतरी झालं. ‘ज्येष्ठ अभिनेते’ पुसलं आणि तिथं लिहिलं, ‘थ्री इडियट्समधले प्रोफेसर’. दहा मिनिटांत फळ्यापुढं सहा जण. एक कॉलेजचं पोरगं त्यांचा तो डायलॉग त्यांच्याच आवाजात म्हणालं आणि मग एकदम गप्प झालं.

म्हणून प्रश्न असा. ३१ डिसेंबरला वर्षभरात गेलेल्यांची यादी लिहायची आहे. छातीच्या उंचीला बारा ओळी बसतात. नाव आणि पुढं चार शब्द, बास. कुणाचं नाव घेऊ, आणि चार शब्द कोणते म्हणजे जाणारा माणूस थांबेल? चरित्र नको. ते मोबाइलवर मलाही वाचता येतंय.

आणि ११ नोव्हेंबरला माझ्या हातून जे झालं ते इथल्या पेठकरांना माहीत आहेच. कृपा करून तो विषय नको.


तिकटीवरची
१४ डिसेंबर, रात्री ११:१५

काका, मी सांगतो. (बाहेरच्यांसाठी: मी मुलगीच आहे. आमच्याकडं मुली पण ‘मी आलो, मी गेलो’ म्हणत्यात. हसू नका.)

ज्योती चांदेकर असं लिहा, पण त्याच्या खाली ‘पूर्णा आजी’ नक्की लिहा. आमची आजी ‘ठरलं तर मग’ लागलं की भाकरीचा तवा उतरून ठेवून येती. ऑगस्टमध्ये बातमी आली तेव्हा तिला कुणीच सांगितलं नाही. मी बी नाही सांगितलो. मालिकेत त्या दिसायच्या बंद झाल्या तर म्हणाली, “पूर्णा आजी गावाला गेली जणू.” मग पुढं त्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी आल्या. आजीनं पहिला एपिसोड अख्खा बघितला, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरताना म्हणाली, “ही बी चांगली हाय. पर आमची कवा गेली?”

तिला कळलं होतं. कवा कळलं ते देवाला ठाऊक.


चिमणरावांचा शेजारी
१५ डिसेंबर, सकाळी ७:०५

मूळचा मंगळवार पेठ, आता चाळीस वर्षं डोंबिवली.

बाळ कर्वे यांच्यापुढं ‘गुंड्याभाऊ’ एवढा एकच शब्द पुरे. बाकी काही लिहिलंत तर माझ्याशी गाठ आहे. चिमणरावाचं काम प्रभावळकरांचं, गुंड्याभाऊ कर्व्यांचा. तेव्हा कोल्हापुरात आमच्या घरी टीव्ही नव्हताच. मे महिन्यात दादरला आत्याकडं जायचो आणि चाळीतल्या एका खोलीत वीस-पंचवीस माणसं मांडीला मांडी लावून बसायची. टीव्ही ज्यांचा, ते काका कोपऱ्यात उभे, कारण त्यांनाच बसायला जागा नसायची. गुंड्याभाऊ दारातून आत आला की खोलीत आधीच हशा. अजून तो बोललेला नसायचा. पंचाण्णव वर्षांचं आयुष्य मिळालं त्यांना, पण माझ्या डोळ्यांपुढं ते दारातच उभे आहेत.

आणि खडूवाले, एक नाव तुमच्याकडून राहिलंय. माधव वझे, ७ मे. ‘श्यामची आई’तला श्याम. १९५३चा चित्रपट, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. पुढं ते नाटकाचे मोठे जाणकार झाले, पण फळ्यावर ‘श्याम’ लिहा. आम्हाला शाळेनं रांगेनं नेलं होतं बघायला. येताना रांग नव्हती. जो तो आपापल्या घरी पळत गेला.


पंचनामा
१५ डिसेंबर, सकाळी ९:३०

मला एक कळत नाही. पेठेचा फळा आणि त्याच्यावर असरानी, सतीश शाह, धर्मेंद्र? त्यांच्यासाठी देशभरची चॅनलं आहेत की. बारा ओळी आहेत म्हणता, तर त्या आपल्या माणसांना द्या. हे गाव सिनेमाचं. बाबूराव पेंटरांनी इथं कॅमेरा बनवला, प्रभात इथं १९२९ साली निघाली, शांतारामबापू इथले, भालजी इथले. आणि कोल्हापूरचा माणूस गेला की बातमी आतल्या पानावर दोन कॉलम. मार्च २०२३मध्ये भालचंद्र कुलकर्णी गेले, ‘पिंजरा’पासून ‘माहेरची साडी’पर्यंत ज्यांना आपण बघितलं. मुंबईच्या माणसाला विचारा, तोंड ओळखेल, नाव नाही सांगता येणार.

११ नोव्हेंबरचा विषय काढत नाही. पण काढला असता तर बरंच बोललो असतो.


खडूवाला, शिवाजी पेठ
१५ डिसेंबर, दुपारी १:२०

वझ्यांचं नाव खरंच राहिलं होतं. चुकी कबूल.

भालचंद्र कुलकर्णींचं त्या वर्षी मी लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात. त्याच वर्षी जूनमध्ये सुलोचनादीदींचंही. दीदींच्या नावापुढं काय लिहावं सुचेना. शेवटी नुसतं ‘आई’ लिहिलं. दोन दिवस कुणी पुसू दिलं नाही, पाण्याची नोटीस मी फळ्याच्या चौकटीवर चिकटवली.

आता पंचनामासाहेब, तुम्ही विषय काढत नाही म्हणून काढलाच आहे, तर सांगूनच टाकतो.

११ नोव्हेंबरला सकाळी मोबाइलवर बातमी. एक नाही, चार ठिकाणी. चहा तसाच ठेवून गेलो आणि फळा भरून लिहिलं, ‘धर्मेंद्र’. वेलबिल काढली. तास-दीड तासानं पोरगं पळत आलं, “काका, पुसा पुसा, त्यांच्या पोरीनं सांगितलंय, जिवंत हायत!” ओल्या फडक्यानं पुसलं, घाईनं वर पाण्याची वेळ लिहिली. पण ज्यांनी कधी फळा पुसलाय त्यांना माहीत आहे, ओला असतो तोवर काळाभोर दिसतो आणि वाळला की आधीचं पांढरं वर येतं. दुपारी बारापर्यंत ‘सकाळी ६ ते ८’च्या मागं ‘धर्मेंद्र’ पुसट उभा. जोर लावून तीनदा पुसलं. तरी ‘र्में’चा रफार जाईना.

तालमीतले एक जुने पैलवान आहेत. त्यांच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून धर्मेंद्रचा फोटो, अजून. ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. म्हणाले काही नाही, नुसते समोरून गेले की दुसरीकडं बघायचे.

२४ला खरी बातमी आली. या वेळी मी लगेच लिहिलं नाही. रात्रभर थांबलो, २५ला पहाटे गेलो तर पैलवान आधीच येऊन बसलेले. खडूचा खोका त्यांनी धरला. मी लिहीत होतो आणि ते मागून म्हणाले, “काल तेरा दिवस झाले बरोबर. खोट्याचा तेरावा होता.” तेव्हा मला हसू आलं आणि त्यांनाही आलं, आणि आम्ही दोघं हसत असताना समोरच्या वहिनी दार उघडून बघायला लागल्या की श्रद्धांजलीच्या फळ्यापुढं हे काय चाललंय.

म्हणून धर्मेंद्र यादीत राहणार. त्यांना मी एकदा आधीच मारलंय, माझं देणं आहे.


दोन सासवांची सून
१५ डिसेंबर, दुपारी ३:५०

दया डोंगरे गेल्या ३ नोव्हेंबरला, त्यांच्याबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहिते.

लग्न होऊन कोल्हापुरात आले १९९१ साली. पहिल्या दिवाळीत नणंदेनं व्हीसीआर भाड्यानं आणला आणि ‘खट्याळ सासू नाठाळ सून’ लावला. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला चुलत सासूबाई, मधे मी, मांडीवर चिवड्याचं ताट. पडद्यावर दया डोंगरे बोलायला लागल्या की मी ओठ दाबून बसायची. हसावं तर पंचाईत, न हसावं तर त्याहून. आणि अर्ध्या तासानं बघते तर आमच्या सासूबाईच डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसताहेत, चुलत सासूबाईंना कोपरानं ढोसून म्हणताहेत, “अगं ही तर तू!”

त्या दिवसापासून चुलत सासूबाईंचं नाव घरात दयाबाई. त्यांना माहीत होतं. आवडत होतं बहुतेक.

भाऊजी, त्यांच्यापुढं ‘सगळ्यांची सासू’ लिहा. ‘खाष्ट’ लिहू नका, नुसतं सासू.


विंगेतला
१५ डिसेंबर, सायंकाळी ६:१०

मी पडदा ओढणारा. म्हणजे होतो. आता पडदाच नाही.

खडूवाल्या दादांनी एक गोष्ट सांगितली नाही, ती मी सांगतो. त्यांच्या फळ्यावर एकदा एका इमारतीला श्रद्धांजली होती. ८ ऑगस्ट २०२४ची रात्र. केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं तेव्हा मी खासबागेच्या बाजूला उभा होतो. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उघडलेलं. लाकूड जुनं, छप्पर जुनं. वारा आमच्याकडं होता. शर्टावर राख पडत होती, झटकली की काळा पट्टा उठायचा. शेजारी एक बाई हात जोडून उभ्या होत्या, नाटकवाल्या नव्हत्या, त्यांचा भाजीचा गाडा असतो तिथं. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, म्हणजे केशवरावांचीच जयंती. हार आणून ठेवला होता आदल्या संध्याकाळी.

सकाळी पेठेतून जाताना फळ्यावर बघितलं. ‘केशवराव भोसले नाट्यगृह’ आणि खाली दोनच शब्द, ‘तिसरी घंटा’. त्याच्या दुसऱ्या दिवशी, १०ला, विजय कदम गेले. त्यांचं नाव त्याच ओळीखाली, आधीचं न पुसता. मला बरं वाटलं ते. एवढ्या प्रयोगांचा माणूस, थेटराच्या खालीच पाहिजे.

या वर्षासाठी माझं एकच मागणं. संध्याबाईंना, ४ ऑक्टोबरला गेल्या त्या, शांतारामबापूंच्या नावानं ओळखू नका. ‘व्ही. शांताराम यांच्या पत्नी’ असं सगळ्यांनी छापलं. ‘अमर भूपाळी’, ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखें बारह हाथ’, ‘पिंजरा’. त्या बाईचे पाय बोलत होते.


जयप्रभाची नात
१५ डिसेंबर, रात्री ९:००

विंगेतल्या दादांना दुजोरा. ‘पिंजरातली चंद्रकला’ लिहा.

आमचे आजोबा जयप्रभा स्टुडिओत एक्स्ट्रा होते. भालजींच्या ऐतिहासिक चित्रपटांत भाला धरून उभे राहायचे, कधी मावळा, कधी मोगल, गरज पडेल तसं. सकाळी मावळ्याची दाढी, दुपारी मोगलाची. डिंकानं गालाची कातडी निघायची, आजी रात्री खोबरेल तेल लावायची. आमच्याकडं त्यांचा एकही फोटो नाही त्या वेशातला. कधी जुना चित्रपट टीव्हीवर लागला की आम्ही सगळे गर्दीत त्यांना शोधतो. एकदा आत्या ओरडली, “ते बघ, डावीकडनं तिसरे!” तेवढ्यात घोडा आडवा आला.

‘पिंजरा’ १९७२ साली आला तेव्हा आजोबांचं काम सुटलं होतं. ते सात वेळा गेले बघायला. आजीला वाटायचं संध्यासाठी जातात. ते तमाशाच्या फडातली माणसं बघायला जायचे, कोण कसं उभं राहिलंय, कुणाचं लक्ष कॅमेऱ्याकडं गेलंय. घरी येऊन सांगायचे, “मागचा ढोलकीवाला शॉट संपायच्या आत खाली बघतोय.”

पंचनामाकाका, तुमच्या आपल्या माणसांत अशांची एक ओळ ठेवता येईल का? नाव नको. नावं कुणाला माहीत आहेत.


पंचनामा
१५ डिसेंबर, रात्री ९:२५

ठेवा. ही ओळ मान्य.

धर्मेंद्रही राहू दे. पैलवानांचा मान.

पण ‘असराणी’ लिहू नका, गेल्या खेपेला तसं लिहिलं होतं. असरानी. न नळाचा.


खडूवाला, शिवाजी पेठ
१५ डिसेंबर, रात्री ११:५०

न नळाचा. बरं. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीच्या दिवशी बातमी आली, हाताला उटणं होतं, ण कसा पडला ते मलाच कळलं नाही.

आता इथलं सगळं वाचून वहीत उतरवलंय. श्याम. पूर्णा आजी. प्रोफेसर, आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘आधी फौजेत कॅप्टन’, कारण ते लष्करात होते, मग इंडियन ऑइलमध्ये, आणि चाळिशी उलटल्यावर सिनेमात आले, हे वाचून आमच्या तालमीतल्या बेकार पोरांना थोडी उभारी येईल. गुंड्याभाऊ. चंद्रकला. सगळ्यांची सासू. सतीश शाहांपुढं मी ‘गंमत जंमतमधला इन्स्पेक्टर’ लिहिणार होतो, पण धाकटा म्हणतो ‘साराभाई’ लिहा नाहीतर आमच्या वयाचं कुणी थांबणार नाही. त्याचं ऐकतोय. प्रिया मराठेचं नुसतं नाव आणि वय. तिथं मला शब्द सुचले नाहीत आणि तुम्हीही कुणी दिले नाहीत.

असरानी आणि धर्मेंद्र एका ओळीत घेतोय. शोले १५ ऑगस्ट १९७५चा, औंदा पन्नास वर्षं झाली, आणि त्याच वर्षी जेलर आणि वीरू दोघेही गेले. म्हणजे एक ओळ वाचली. ती जयप्रभाच्या नातीला. लिहिणार: ‘डावीकडनं तिसरे’. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, बाकीचे विचारतील, आणि विचारायला थांबतील की नाही?

विंगेतले दादा, तुम्ही ३१ला पहाटे साडेपाचला या. शिडी धरायला माणूस पाहिजे आणि तुमचा हात दोरीवर बसलेला आहे. तिकटीवरचीनं आजीला घेऊन यायचं असेल तर सातनंतर आण, थंडी असते. पांढरा खडू संपत आलाय, येणाऱ्यानं एक डबी आणावी. पिवळा नको, रोड लाइटखाली दिसत नाही.

आणि एक. ३०ला संध्याकाळी फळ्याला नवीन काळा रंग मारणार आहे, त्या रफाराचा काही इलाज राहिलेला नाही. पैलवानांना विचारलं, मारू का? म्हणाले मार. रंग वाळायला रात्र जाते, तेवढ्या वेळात कट्ट्यावरच्या कुणी फळ्याला टेकून बसू नका. गेल्या खेपेला ज्याच्या पाठीवर ‘पाणीपुरवठा’ उमटला होता, त्यानं खास लक्षात ठेवावं.